चामड्याच्या कामाला हलणार नाही असं टेबल: रेडीमेड घ्यावं का बनवून घ्यावं?

चामडंवेडा, लातूर

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं मी बेल्ट, पाकिटं आणि आता थोड्या बॅगा बनवायलो, सगळी हातशिलाई, मशीन नाही. ऑर्डरी यायल्यात, त्यामुळं आता नीट बसून काम करायची जागा पाहिजे. आतापर्यंत घरातलंच कॉलेजच्या वेळचं स्टडी टेबल वापरलं, पार्टिकल बोर्डचं, त्याचे स्क्रू दर पंधरा दिवसाला ढिले होतात आणि आता तर भोकंच मोठी झालीत त्यामुळं स्क्रू धरतच नाहीत. प्रॉन्गवर, म्हणजे शिलाईची भोकं पाडायच्या दातेरी हत्यारावर, मोगरी मारली की अख्खं टेबल उसळतं, एका ठोक्यात व्हायला पाहिजे तिथं चार-पाच ठोके लागतात आणि तेवढ्यात प्रॉन्ग सरकतो, मग पुढून भोकं सरळ दिसतात पण मागून बघितलं की वेडीवाकडी. मागच्या आठवड्यात ४ मिमीच्या प्रॉन्गचा एक दात वाकला, नवीनच होता.

खोली भाड्याची, पहिल्या मजल्यावर, १० बाय १२. खाली घरमालक काकू राहतात, चांगल्या आहेत पण रात्री ठोकाठोकी झाली की दुसऱ्या दिवशी बोलतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. बजेट ९ हजारापर्यंत. ऑफिस फर्निचरवाल्याकडं लोखंडी टेबल बघितलं, दिसायला भारी पण हातानं हलवलं तर दुकानातच डुलायलं. दुसरं म्हणजे वेल्डरकडून फ्रेम करून घ्यायची. तिसरं, आमच्या शेतात बांधावरची एक मोठी बाभूळ मागच्या जूनमधल्या वादळात पडली, वडिलांनी तोडून ओंडके बांधावरच ठेवलेत, ते फुकटात आहेत, त्याचं टेबल होईल का?

उंची किती घ्यावी, वरचा पत्रा/फळी कशाची, आणि ग्रॅनाइट टाकतात म्हणतात ते खरंच लागतं का, एवढं सांगा. माझी उंची ५ फूट ६ इंच.

वेल्डिंगवाला, नांदेड

भाऊ रेडीमेडच्या नादी लागू नका, त्यात १८-२० गेजचा पत्रा वाकवून पाय केलेले असतात, फाईल ठेवायला ठीक आहेत, ठोकायला नाहीत. ५० बाय ५० चा स्क्वेअर पाइप घ्या, भिंत २ मिमीच्या खाली घेऊ नका, दुकानदार १.२ मिमी गळ्यात मारतो कारण बाहेरून सारखाच दिसतो, म्हणून वजन करूनच घ्या, २ मिमीचा मीटरला साधारण ३ किलो भरतो. ५ फूट बाय अडीच फुटाचं टेबल धरलं तर पाय, वरची चौकट आणि खालची चौकट मिळून १३ मीटर पाइप लागतो, म्हणजे निव्वळ सांगाडाच ४० किलोच्या आसपास झाला.

आता मेन गोष्ट. टेबल डुलतं ते वजन कमी म्हणून नाही, चौकोनाला तिरका टेकू नसतो म्हणून. चार काड्या चौकोनात जोडा आणि ढकला, तिरप्या होतात, त्याच तीन काड्यांचा त्रिकोण करा, हलणार नाही. म्हणून मागच्या बाजूला एक तिरका पाइप किंवा पट्टी वेल्ड करून घ्याच, आणि दोन्ही बाजूंना कोपऱ्यात छोटे टेकू. पायाखाली १२ मिमीचा नट वेल्ड करून त्यात बोल्ट उलटा घालायचा, म्हणजे फरशी कशीही असो, बोल्ट फिरवून चारही पाय टेकवता येतात. पाय पोकळ असतात त्यामुळं ठोकलं की घंटेसारखे वाजतात, वरचं तोंड बंद करायच्या आधी कोरडी वाळू भरून घ्या, आवाज मेलाच म्हणून समजा. वाळू ओली असली तर आतून गंज धरतो, उन्हात वाळवून भरा.

वर ३ मिमीची प्लेट टाका, आयुष्यभर बघायचं काम नाही.

शिवणटिपण, बीड

वेल्डिंगवाले दादांचं फ्रेमचं सगळं बरोबर आहे, मी पण तसंच केलंय, पण लोखंडी प्लेट वर अजिबात टाकू नका हो! ही चूक मी केली आहे म्हणून कळकळीनं लिहायले. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं, म्हणजे आपण नक्षीला आणि बेल्टला वापरतो ते व्हेज टॅन, त्यात टॅनिन असतं आणि टॅनिनला लोखंड लागलं की काळं होतं, जुनी शाई याच तत्त्वावर करायचे. चामडं कोरडं असताना काही होत नाही, पण आपण नक्षी काढायच्या आधी ते ओलं करतो, आणि ओलं चामडं लोखंडावर टेकलं की निळे-काळे डाग. माझ्या सहा पाकिटांचं चामडं असं गेलं, लिंबाचा रस लावून डाग थोडे फिके झाले पण पूर्ण गेले नाहीत. प्लेट तर सोडाच, त्याच टेबलावर ग्राइंडरनं रापीला, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या हत्याराला, धार लावली आणि बारीक कीस राहिला तरी दुसऱ्या दिवशी चामड्यावर काळे ठिपके उठतात. धार लावायची जागा वेगळीच ठेवा, जमलं तर खोलीबाहेर.

वरती १९ मिमीचं प्लाय दोन थर, एकावर एक फेविकॉलनं चिकटवून. जाडी ३८ मिमी होते, ठोकताना दबत नाही. प्लाय घेताना शिक्का बघा, आयएस ७१० लिहिलेलं असलं तर मरीन, पाणी सांडलं तरी पापुद्रे सुटत नाहीत, ३०३ वालं त्यापेक्षा स्वस्त असतं. वरचा थर ७१० चा आणि खालचा ३०३ चा केला तरी चालतं, मी तसंच केलंय. आणि स्क्रू खालून मारायला लावा, वरून स्क्रूचं डोकं दिसलं की तिथंही तेच डाग. सनमायका लावू नका, कटरखाली चामडं सरकतं आणि सनमायकावर एकदा घाव पडला की तिथून तो उचकटायला लागतो. साध्या प्लायवर जवसाच्या तेलाचे दोन हात मारले की बास झालं. फक्त तेल पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेते, पसरून उन्हात वाळवा मग टाका.

ग्रॅनाइट लागतंच. मोठं नको. किचन ओटा करणाऱ्यांकडं जा, सिंक बसवायला ओट्याला जे भोक पाडतात तो आयता तुकडा त्यांच्याकडं पडलेला असतो, साधारण २ फूट बाय दीड फूट, पाऊण इंच जाड. तेवढ्याचं वजनच १४ किलो भरतं. कडा तेवढ्या मशीनवर गोल मारून घ्या नाहीतर चामड्यावर ओरखडे येतात. चामडं ग्रॅनाइटवर ठेवून नक्षीचे ठसे मारा, किती खोल उठतात बघा. रापीनं कडा पातळ करायलाही तोच दगड.

पण भोक पाडताना ग्रॅनाइटवर डायरेक्ट नको, पंचची धार एका दिवसात जाते. मध्ये भाजी चिरायचा जाड पांढरा प्लास्टिकचा बोर्ड ठेवायचा.

सुताराचा पोरगा, परभणी

लातूरवाले दादा, बाभळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, आमचं घराणं बैलगाड्या करणारं, बाभळीशिवाय आमचं पान हललं नाही. चाक, आऱ्या, जू, कुळव, वखर सगळं बाभळीचं, कारण ती मार सोसते. तुम्हाला ठोकायलाच पाहिजे तर याच्याइतकं चांगलं लाकूड मराठवाड्यात फुकटात मिळणार नाही.

पण तुमची बाभूळ जूनमध्ये पडली म्हणता, म्हणजे अजून आतून ओली आहे. जाड लाकूड वाळायला इंचाला एक वर्ष असा हिशोब असतो. आत्ता फळ्या कापून टेबलाचा वरचा भाग केला तर येत्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत त्या पिळवटणार, फटी पडणार, आणि तुम्ही म्हणाल सुतारानं फसवलं. दुसरं, बाभळीचा बाहेरचा पांढरा भाग किडा खातो, पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं. आतला तांबूस गाभा टिकतो. आमचे आजोबा ओंडके विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात काही महिने बुडवून ठेवायचे, त्यानं लाकडातला रस निघून जातो आणि मग किडा लागत नाही. तुमच्या शेतात विहीर असेल तर आजही करता येतं, फक्त पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं नको, पाणी काळं होतं आणि वास येतो.

आणि वडिलांना सांगा ओंडके बांधावर मातीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. खाली दोन दगड घाला आणि ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना ऑइल पेंट नाहीतर मेण लावून ठेवा, लाकूड तोंडाकडून लवकर वाळतं म्हणून तिथूनच तडकतं.

घाई असेल तर जुनं लाकूड बघा. खेड्यात माळवदाची घरं पाडायलेत आणि स्लॅब टाकायलेत, त्यातल्या तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या अड्ड्यावर येतात, सागाचं असलं तर नशीब. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड, ते आता काय पिळवटणार. कापायच्या आधी चुंबक फिरवून खिळे शोधा नाहीतर आरा मशीनवाला पातं तुटल्याचे पैसे तुमच्याकडून घेईल.

रापी-आरी, उदगीर

मुलांनो तुमचं सगळं वाचलं. माझं वय ६३, चौथीपासून वडिलांच्या हाताखाली बसलो. वडील चपला तर करायचेच पण विहिरीवरच्या मोटा शिवायचे, मोट म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, बैलानं ओढायची पाण्याची चामड्याची मोठी पिशवी. ती शिवायला टेबल नव्हतं. जमिनीत अर्धा पुरलेला एक काळा दगड, शेजारी चिंचेचा ओंडका, पाण्याची कुंडी, आणि वडील मांडी घालून बसलेले. एवढ्या दुकानावर आम्ही पाच भावंडं शिकलो.

मला एकच सांगायचंय. तुम्ही सगळी कामं एका टेबलावर बसवायला बघताय म्हणून टेबल जड पाहिजे, मोठं पण पाहिजे, उंच पण पाहिजे आणि खाली आवाज पण नको, असं सगळं एका ठिकाणी बसत नाही बाबा. ठोकायची जागा वेगळी करा आणि कापायची-शिवायची वेगळी. ठोकायला दीड हात लांबी-रुंदी लागत नाही, वीतभर जागा लागते, पण ती वीत अशी पाहिजे की मारलेला घाव सरळ जमिनीत गेला पाहिजे. कापायला मोठी जागा लागते पण तिला वजनाची काही गरज नाही. आपण विनाकारण पाच फुटाचं टेबल मारुतीच्या देवळाएवढं पक्कं करायला बघतो.

तुझ्याकडं बाभळीचे ओंडके आहेतच. त्यातला सगळ्यात जाड बुंधा घे, १८ इंच उंच आणि १५-१६ इंच रुंद असा सरळ कापून घे. उभा ठेवायचा, म्हणजे लाकडाचे धागे उभे राहतात आणि घाव धाग्यावर न पडता धाग्याच्या टोकावर पडतो, खाटकाचा ओंडका चिंचेचा आणि उभाच असतो तो त्याच कारणानं. ओला असला तरी याला चालतं, थोडा तडकेल, त्यासाठी लोहाराकडून लोखंडाची पट्टी तापवून चढवून घे, गाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी, थंड झाली की आवळून बसते. पन्नास किलोला भरेल. त्याच्यावर सिंकचा दगड ठेव आणि समोर बुटक्या स्टुलावर बस. खांदा वर उचलायला लागत नाही, मोगरी आपल्या वजनानं पडते. उभं राहून दिवसभर ठोकणाऱ्याचा खांदा चाळिशीत जातो, मी बघितलेत.

हत्यारांना पैसे उरत नसतील तर केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत चपला-बूट करणारा कारागीर १८ व्यवसायांत आहे, माझ्या मुलानं अर्ज केला, १५,००० चं टूलकिटचं व्हाउचर आलं. तुझ्या कामाला ते लागू होतं का ते सेवा केंद्रात विचारून घे, म्हणजे घरचे पैसे ओंडक्याला आणि टेबलाला राहतील.

चामडंवेडा, लातूर

काका, हे वाचून डोक्यातला गुंताच सुटला. मी इतके दिवस एकच टेबल, एकच टेबल करत बसलो. म्हणजे ओंडका ठोकायला आणि साधी फ्रेम कापायला. पण काका ओंडका पहिल्या मजल्यावर ठेवला तर घाव सरळ खालच्या काकूंच्या छतात जाईल ना? आणि दगड कसा बसवायचा, नुसता ठेवला तर उडणार नाही का? ग्रॅनाइटऐवजी शहाबादी चालेल का, घरी दोन फरशा पडून आहेत.

शिवणटिपण, बीड

शहाबादी नको. तो चुनखडीचा दगड, त्याला मुळातच पदर असतात, ठोकून ठोकून पदर सुटतो आणि वर खपली निघते. शिवाय काळा रंग करायला लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवून वापरणार असाल तर त्याचे थेंब पडले की शहाबादी, कडप्पा, संगमरवर सगळ्यांवर फेस येऊन खड्डे पडतात, ग्रॅनाइटला काही होत नाही. दोन फरशा आहेत त्या टेबलाच्या खालच्या चौकटीवर ठेवा, फुकटचं वजन.

रबरवाला, जालना

आवाजाचं मी सांगतो, मी पण दुसऱ्या मजल्यावर काम करतो. रबर घालायचं पण कुठं घालायचं हे महत्त्वाचं. बरेच जण चामड्याच्या खालीच रबर ठेवतात, मग घाव रबर खातं आणि ठसा उठतच नाही, परत चार ठोके आले, म्हणजे आवाजही चौपट. क्रम असा ठेवा: वर चामडं, खाली दगड, त्याच्या खाली ओंडका, आणि ओंडक्याच्या खाली रबर. घाव दगडानं झेलला आणि जो थरथराट खाली जाणार तो रबरानं खाल्ला. रबर पातळ नको, साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे भंगारवाल्याकडं मिळतात, आत कापडाचे थर असतात, त्याचे दोन-तीन थर टाका. नाहीतर गोठ्यात म्हशीखाली घालतात ती मॅट. ओंडका खोलीच्या मधोमध ठेवू नका, स्लॅब मध्ये सगळ्यात जास्त थरथरतो, भिंतीजवळ, शक्यतो खाली जिथं बीम किंवा कॉलम आहे त्या कोपऱ्यात ठेवा. एवढं करूनही रात्री नऊनंतर शिवायचं काम ठेवा आणि ठोकायचं सकाळी, शेवटी खाली माणूस राहतो.

दगड बसवायला ओंडक्यावर पातळ वाळूचा थर किंवा जुनं घोंगडं चौपदरी, आणि दगड हलू नये म्हणून चारही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या. दगड सगळीकडून टेकलेला पाहिजे, खाली एक खडा राहिला आणि वरून घाव पडला की ग्रॅनाइट सरळ दोन तुकडे होतो.

वेल्डिंगवाला, नांदेड

बीडच्या ताईंनी प्लेटचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आमच्याकडं चामड्याचं काम कुणी करून घेत नाही, पुढं कुणी आलं तर प्लायच सांगीन. मग आता टेबल फक्त कापायला आणि शिवायला असेल तर ५० चा पाइप कशाला, ४० बाय ४० चा घ्या, खर्च खाली येईल. तिरका टेकू मात्र सोडू नका.

सुताराचा पोरगा, परभणी

तिरका टेकू नको असेल, म्हणजे पाय ठेवायला अडचण होते, तर मागच्या दोन पायांना १२ मिमीचं प्लाय आडवं बोल्टनं आवळा, तेच काम होतं आणि हत्यारं टांगायला पाठ मिळते. पुढची कड चौकटीच्या बाहेर ३-४ इंच काढा, शिवताना चिमटा किंवा क्लॅम्प लावायला जागा राहते, कुणी हे आधी सांगत नाही आणि मग सगळे बोंब मारतात.

उंची: हात कोपरात वाकवून उभे राहा, कोपराच्या ४-५ इंच खाली कापायचं टेबल. ५ फूट ६ ला साधारण ३६ इंच येईल. बसून शिवणार असाल तर उंच स्टूल घ्या, टेबल खाली करू नका, कापताना वाकून कंबर जाते.

चामडंवेडा, लातूर

तीन आठवड्यांनी परत लिहायलो, तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलं म्हणून सांगणं माझं कामच आहे.

ओंडका झाला. वडिलांनी आणि मी मिळून बुंधा निवडला, गावातल्या आरा मशीनवर सरळ कापून आणला, पांढरा भाग वाकसानं तासून काढला त्यामुळं थोडा बारीक झाला, १४ इंच भरला. गावात आता लोहार एकच राहिलाय, त्याच्याकडं जुन्या बैलगाडीची धाव होती, तीच कापून छोटी करून चढवली, पाणी ओतल्यावर जो आवाज झाला आणि पट्टी आवळत गेली ते बघायला दहा-बारा पोरं जमली होती. वडील म्हणले त्यांनी हे शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही. जिन्यातून वर न्यायला तिघं लागलो.

सिंकचा तुकडा दुकानदारानं ३०० रुपयात दिला, कडा गोल मारून. ओंडक्याखाली कन्व्हेयर बेल्टचे तीन थर, कोपऱ्यात कॉलमजवळ. पहिल्याच दिवशी ३ मिमीच्या बेल्टच्या चामड्यातून एका ठोक्यात प्रॉन्ग आरपार, मागून बघितलं तर भोकं एका ओळीत. मी तो तुकडा शिवलाच नाही, तसाच भिंतीवर लावून ठेवलाय. खालच्या काकूंना मुद्दाम विचारलं, त्या म्हणल्या धप् धप् येतं पण पहिल्यासारखं भांडी वाजल्यागत नाही.

टेबल ४० च्या पाइपचं, ५ बाय अडीच, वर दोन थर प्लाय, मागं १२ मिमीचं प्लाय. सगळं मिळून ८,७०० गेले. उंची ३६ घेतली पण पायाखालच्या बोल्टमुळं पाऊण इंच वाढली आणि कटर चालवताना खांदा किंचित वर यायलाय. पाय कापून घेऊ का बोल्टच छोटे टाकू?

रापी-आरी, उदगीर

पाय कापू नको. पायाखाली फळीचा पाट घे, पाऊण इंचाचा, उभं राहायला. थंडीत फरशी पण लागत नाही. आणि उरलेले ओंडके विहिरीत टाकले का नाही?

चामडंवेडा, लातूर

टाकले काका, चार टाकलेत, पिण्याची विहीर वेगळी आहे. तुम्हाला एक पाहिजे असेल तर सांगा, दिवाळीनंतर काढणार आहोत.